ब्रेक नसलेली मोटारसायकल आणि घरामागची कार्यशाळा

१९५३ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जत्रेच्या मैदानावर मोटारसायकलींची एक शर्यत झाली. मैदान मातीचे, एक मैल परिघाचे. शर्यत पंचवीस मैलांची. त्या काळी ही शर्यत जिंकणाऱ्याला वर्षभर आपल्या गाडीवर '१' हा आकडा लावण्याचा मान मिळे, म्हणजे तो राष्ट्रीय विजेता ठरे. त्या वर्षी हा मान बिल ट्युमन या चालकाने मिळवला. त्याची गाडी 'इंडियन' कंपनीची, स्काउट जातीची होती.

यात विशेष काय, असे कुणी विचारील. विशेष असे, की इंडियन कंपनीचा मॅसॅच्युसेट्स राज्यातला कारखाना (योगायोगाने त्याही गावाचे नाव स्प्रिंगफील्डच) त्याच वर्षी बंद पडला. 'स्पोर्ट स्काउट' ही गाडी बाजारात आली १९३४ साली आणि तिचे नेहमीचे उत्पादन १९४२ सालीच थांबले होते. १९४८ साली शर्यतीसाठी म्हणून सुमारे पन्नास गाड्या तेवढ्या बनवल्या गेल्या. म्हणजे ज्या इंजिनाचा मूळ आराखडा जवळजवळ वीस वर्षांचा जुना, ज्याचे सुटे भाग मिळणे कठीण, ज्याच्यामागे उभा राहील असा कारखाना उरलेला नाही, अशा गाडीने देशातली सर्वांत मोठी शर्यत जिंकली. त्याआधीची दोन वर्षे, १९५१ आणि १९५२ साली, बॉबी हिल याने हाच पराक्रम इंडियनवरच केला होता.

कारखाना मरणपंथाला लागला असताना त्याच्या गाड्या अधिकाधिक वेगवान होत होत्या. हे कोडे सोडवायचे तर कारखान्याकडे पाहून चालणार नाही. घरामागच्या शेडमध्ये, गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांत डोकवावे लागेल.

लाकडाकडून मातीकडे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेत मोटारसायकलींच्या शर्यती लाकडी मैदानांवर होत. फळ्या ठोकून केलेले प्रचंड वाडगेच म्हणा ना. १९१० साली लॉस एंजलिसजवळ असे मैदान बांधले गेले आणि पुढे त्यांची लाटच आली. वळणांचा उतार फार तीव्र असे, त्यामुळे वेग कमी न करता वळता येई. या गाड्यांना ब्रेक नसत. ८ सप्टेंबर १९१२ रोजी न्यूअर्क येथील मैदानावर एडी हाशा या चालकाची गाडी कठड्यावर आदळली. तो आणि दुसरा एक चालक तर मेलेच, पण कठड्याशी वाकून पाहणारे काही प्रेक्षकही मेले. त्यांत लहान मुले होती. वर्तमानपत्रांनी या मैदानांवर टीकेची झोड उठवली. शिवाय उन्हापावसात फळ्या कुजत, दुरुस्तीचा खर्च परवडेनासा होई. १९३० च्या सुमारास लाकडी मैदानांचे युग संपले.

मातीची मैदाने मात्र आधीपासूनच होती. अमेरिकेत जिल्ह्याजिल्ह्याला शेतीची जत्रा भरते. आपल्याकडे जत्रेत बैलगाड्या पळतात, तशा तिथे घोडे पळत. त्यांच्यासाठी अर्ध्या मैलाची किंवा एक मैलाची लंबगोल, सपाट, मातीची वाट तयार असे. तिच्यावर मोटारसायकली धावू लागल्या. या प्रकाराला 'फ्लॅट ट्रॅक', म्हणजे सपाट मैदानावरची शर्यत, हे नाव पडले.

एका नियमाची गोष्ट

१९२९ नंतर जागतिक मंदी आली. १९३१ साली एक्सेल्सियर कंपनीने मोटारसायकली बनवणे सोडले आणि अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन व इंडियन हे दोनच मोठे कारखाने उरले. शर्यतीसाठी खास गाड्या बनवून पगारी चालक ठेवणे त्यांना परवडेना. शर्यती बंद पडतात की काय, अशी वेळ आली.

१९२४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने १९३३ मध्ये एक तोड काढली. 'क वर्ग' नावाचा नवा प्रकार तिने सुरू केला. त्याचे सार असे: गाडी बाजारात मिळते तीच असावी, ती चालकाच्या स्वतःच्या मालकीची असावी, बाजूच्या झडपांचे इंजिन असेल तर ७५० घनसेंटिमीटर आणि डोक्यावरच्या झडपांचे असेल तर ५०० घनसेंटिमीटर, ही मर्यादा. आरंभीच्या काळात तर गाडी मैदानापर्यंत चालवत आणावी, असाही दंडक होता. पोरे गाडीवर बसून गावोगाव जात, मैदानाच्या कडेला दिवे आणि मडगार्ड सोडवून ठेवत, शर्यत करत, आणि सगळे पुन्हा जोडून घरी परतत.

नियम करणाऱ्यांचा हेतू खर्च वाचवण्याचा होता. पण त्यातून एक वेगळीच गोष्ट घडली. सगळ्यांकडे तीच दुकानातली गाडी. मग पुढे कोण जाणार? ज्याला आपले यंत्र उघडून समजून घेता येईल तो. लेथ, शेगडा, कानस आणि थोडे गणित एवढ्या भांडवलावर शर्यतीत उतरता येऊ लागले. सान होजे गावचा हार्ले विक्रेता टॉम सिफ्टन हे याचे नावाजलेले उदाहरण. १९३८ साली ओकलंडची दोनशे मैलांची शर्यत सॅम अरीना याने जिंकली, ती सिफ्टनने तयार केलेल्या गाडीवर. झडपा उघडणारे कॅम कोणत्या आकाराचे असावेत, याचा त्याने इतका अभ्यास केला, की पुढे त्याच्या नावाचे कॅम देशभर विकले गेले.

ब्रेक नाही, तर थांबायचे कसे?

फ्लॅट ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्यामागे विचार होता. पंधरा-वीस गाड्या हातभर अंतराने धावत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. शिवाय वळणात झुकलेल्या गाडीचे पुढचे चाक ब्रेकने अडले तर गाडी तत्क्षणी आडवी होते. १९७० च्या सुमारास मागच्या चाकाला ब्रेक लावण्यास परवानगी मिळाली. पुढच्या चाकाला ती आजही नाही.

मग वळणापूर्वी वेग कमी कसा होतो? येथे आपले नववी-दहावीचे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. अर्ध्या मैलाचे, म्हणजे ८०५ मीटरचे मैदान घेऊ. त्याची दोन वळणे ७५ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे आहेत असे मानू. त्यांची लांबी ४७१ मीटर होते आणि दोन सरळ भाग प्रत्येकी १६७ मीटरचे उरतात. वळताना लागणारे केंद्रगामी बल mv²/r इतके. ते द्यायचे कुणी? टायर आणि माती यांच्यातील घर्षणाने. घर्षणगुणक ०.७ धरला, तर जास्तीत जास्त वेग √(०.७ × ९.८ × ७५), म्हणजे सेकंदाला सुमारे २३ मीटर, ताशी ८३ किलोमीटर. सरळ भागात मात्र गाडी ताशी १३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर वेगाने येते. गाडी आणि चालक मिळून २१० किलो वस्तुमान धरा. या दोन वेगांतील गतिज ऊर्जेचा फरक काढला तर तो सुमारे ८०,००० ज्यूल येतो. एक लिटर पाणी १९ अंशांनी तापवील एवढी ही ऊर्जा. प्रत्येक वळणावर ती कुठेतरी टाकून द्यायला हवी.

चालक ती मातीत टाकतो. वळण येण्याच्या आधीच तो गाडी डावीकडे झुकवतो आणि मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू देतो. गाडीचे तोंड आत, आणि जाण्याची दिशा त्याहून तिरकी. टायर आडवा घासत गेल्यामुळे घर्षणबलाचे दोन घटक होतात. एक वर्तुळाच्या केंद्राकडे ओढतो, दुसरा मागे खेचतो. हा दुसरा घटक म्हणजेच ब्रेक. घर्षणाची शिदोरी मात्र एकच असते. वळण्यासाठी जास्त खर्च केली तर वेग कमी करायला कमी उरते. मध्यावर पोचल्यावर चालक इंजिनाचा जोर वाढवून घसरण ताब्यात ठेवतो. या वेळी गाडी डावीकडे वळत असते आणि पुढचे चाक उजवीकडे वळलेले असते. विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवा आणि 'असे का?' विचारा. चांगली चर्चा होईल.

सगळी वळणे डावीकडचीच. म्हणून चालकाचा डावा पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि त्याच्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो. हा तळवा देखील बहुधा गावच्याच वेल्डरकडून करून घेतलेला.

झाकणात मोजलेले तेल

आता कार्यशाळेत जाऊ. आपल्या ओळखीच्या बुलेटच्या इंजिनात झडपा दट्ट्याच्या डोक्यावर असतात. स्काउटच्या इंजिनात त्या सिलिंडरच्या शेजारी, उभ्या असत. त्यामुळे इंजिन साधे, स्वस्त आणि टिकाऊ होई. पण हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाला आत शिरताना वळसा घ्यावा लागे आणि ज्वलनाची जागा लांबट, वेडीवाकडी होई. ज्योत दूरच्या कोपऱ्यात पोचण्यापूर्वीच तिथले मिश्रण आपोआप पेटे आणि इंजिन ठोके देई. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी यावर उपाय शोधला होता. झाकणाचा दट्ट्यावरचा भाग खाली आणून दट्ट्याला जवळजवळ टेकवायचा. मग शेवटच्या क्षणी मिश्रण तिथून पिचकारीसारखे झडपांकडे ढकलले जाते, चांगले ढवळले जाते आणि झपाट्याने जळते.

घरच्या कार्यशाळेतल्या माणसाला हे तत्त्व आपल्या झाकणात उतरवायचे असे. पहिला प्रश्न: मिश्रण किती पट दाबले जाते? ते मोजण्याची रीत कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत जमेल अशी आहे. दट्ट्या सर्वांत वर आणून ठेवायचा, झडपा बंद ठेवायच्या आणि स्पार्क प्लगच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल सोडायचे. भोकापर्यंत भरायला लागलेले तेल म्हणजे ज्वलनकक्षाचे आकारमान. ७५० घनसेंटिमीटरच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्या प्रत्येकी ३७५ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. तेल ७५ घनसेंटिमीटर लागले, तर संपीडन गुणोत्तर (३७५ + ७५) ÷ ७५, म्हणजे ६. ते ७ करायचे तर कक्ष ६२.५ घनसेंटिमीटरचा हवा. झाकण घासून साडेबारा घनसेंटिमीटर कमी करायचे.

पण इथेच मेख आहे. झाकण खाली आले, की झडपेकडून सिलिंडरकडे जाणारी वाट अरुंद होते. दाब वाढतो, श्वास कोंडतो. म्हणून कारागीर झडप आणि सिलिंडर यांच्यामधल्या धातूत उथळ चर खोदत. त्याने श्वास मोकळा होई, पण जागा वाढल्यामुळे दाब पुन्हा कमी होई. चर किती खोल? उत्तर पुस्तकात नव्हते. एक दशांश मिलिमीटर घासायचे, जोडायचे, मैदानावर पळवायचे, घड्याळ पाहायचे, वहीत लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण विद्यार्थ्यांना प्रयोगाची जी शिस्त शिकवतो, ती हीच.

दुसरे गणित दातेरी चाकांचे. इंजिनाचे पाच फेरे झाले की मागचे चाक एकदा फिरते असे समजा. मिनिटाला ६,००० फेरे आणि चाकाचा परीघ २.१५ मीटर धरला, तर वेग ताशी सुमारे १५५ किलोमीटर. मागच्या दातेरी चाकाला ४० ऐवजी ४२ दात केले, तर हा वेग ताशी सुमारे १४७ वर येतो, पण चाकावरचा ओढ्याचा जोर पाच टक्क्यांनी वाढतो. सकाळी माती ओली आणि धरून ठेवणारी, दुपारी वाळून भुसभुशीत. त्याप्रमाणे दोन दातांचा निर्णय बदलावा लागे, आणि तो चुकला तर शर्यत हातची जाई.

नियम सैल झाल्यावर

७५० विरुद्ध ५०० या नियमामुळे बाजूच्या झडपांचे इंजिन इतरत्र मागे पडूनही अमेरिकन मैदानांवर जगले. हार्लेने त्याच धाटणीची 'केआर' गाडी १९६९ पर्यंत पळवली. नियम कसे यंत्राचा इतिहास घडवतात, याचा हा नमुना आहे. १९६९ मध्ये ही सवलत संपली आणि सर्वांना ७५० घनसेंटिमीटरची मुभा मिळाली. हार्लेने घाईने १९७० साली 'एक्सआर ७५०' काढली. तिचे सिलिंडर आणि झाकणे बिडाची होती. लांब शर्यतीत ती इतकी तापे, की इंजिने निकामी होऊ लागली. १९७२ साली तेच भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. या मिश्रधातूची उष्णतावाहकता बिडाच्या सुमारे तिप्पट. त्याच वर्षी मार्क ब्रेल्सफर्डने या गाडीवर अजिंक्यपद मिळवले आणि पुढे कित्येक दशके हे इंजिन मैदान गाजवत राहिले. बड्या कारखान्यालाही उष्णतेच्या वहनाचा धडा मैदानावरच शिकावा लागला.

याच काळात सांगाडा बनवणारे छोटे कारागीर पुढे आले. कॅलिफोर्नियात ट्रॅकमास्टर, चॅम्पियन अशा लहान कार्यशाळा पातळ पोलादी नळ्या जोडून सांगाडे करत आणि त्यांत ट्रायम्फ, बीएसए, यामाहा अशी कोणतीही इंजिने बसवली जात. आज जे हौशी लोक घरी जुन्या पद्धतीची शर्यतीची गाडी उभारतात, ते बहुधा हीच वाट धरतात. रस्त्यावरची जुनी गाडी घ्यायची, दिवे, मडगार्ड, पुढचा ब्रेक काढायचा, दोन्ही चाके १९ इंची करायची, रुंद हँडल लावायचे, आणि महत्त्वाच्या नटबोल्टांना भोके पाडून तारेने बांधायचे, म्हणजे हादऱ्यांनी ते सुटत नाहीत. जुन्या यंत्रांसाठी वेगळ्या शर्यतीही अमेरिकेत भरतात.

दार कुणासाठी उघडे होते?

हा इतिहास सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. 'स्वतःची गाडी आणा आणि पळवा' असे म्हणणाऱ्या त्याच संघटनेचे सभासदत्व कित्येक वर्षे फक्त गौरवर्णीयांना मिळत होते. ज्या कृष्णवर्णीय मेकॅनिकच्या हातात तेवढेच कसब होते, त्याला ब्युरेट आणि कानस कुणी नाकारली नव्हती. मैदान नाकारले होते. स्त्रियांनाही या मैदानावर फार उशिरा वाव मिळाला. १९३३ च्या नियमाने गरिबीची भिंत बरीच खाली आणली. वर्णाची भिंत तशीच ठेवली. कौशल्य कुणाला शिकता येते आणि ते दाखवण्याची संधी कुणाला मिळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाळेत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक रोज भेटतो.

वर्गासाठी काही

हा लेख वाचून कोणी विद्यार्थी घरच्या गाडीचा ब्रेक काढणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. बंद मैदानावर, शिकलेल्या चालकांनी, सगळे एकाच दिशेने जात असताना जे केले, ते रस्त्यावर प्राणघातक आहे. मैदानावरही या खेळाने अनेकांचे बळी घेतले आहेत.

मात्र पुढील गोष्टी जरूर करता येतील. गावातल्या गॅरेजमधून निकामी झालेल्या इंजिनाचे झाकण मागून आणा. ते उलटे, समपातळीत ठेवा. प्लग लावून, झडपा बंद ठेवून, ब्युरेटने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने पाणी भरून कक्षाचे आकारमान मोजा. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची चाल मोजून संपीडन गुणोत्तर काढा. झाकणाखाली येणाऱ्या गॅस्केटची जाडी विसरलात तर उत्तर चुकेल. किती चुकेल तेही मुलांना काढू द्या. १० मिलिलिटरची सिरिंज बोटाने बंद करून हवा ५ पर्यंत दाबायला सांगा, मग ३ पर्यंत. बोटाला जे जाणवते ते सूत्रापेक्षा लवकर लक्षात राहते. सायकलच्या दातेरी चाकांचे दात मोजून एका पायडलमध्ये सायकल किती पुढे जाते ते आधी गणिताने काढा, मग अंगणात खडूने खूण करून पडताळा. आणि शक्य झाले तर त्या गॅरेजच्या मेकॅनिकलाच एक दिवस वर्गात बोलवा. त्याच्याकडे असलेले पुष्कळसे ज्ञान कोणत्याच पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

इंडियन हे नाव पुढे अनेक हातांतून गेले. नव्या मालकांनी 'एफटीआर ७५०' नावाची शर्यतीची गाडी काढली आणि २०१७ साली जॅरेड मीसने तिच्यावर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. ट्युमननंतर चौसष्ट वर्षांनी इंडियन पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. या वेळी मागे मोठा कारखाना होता, अभियंत्यांचे पथक होते. १९५३ साली त्यांपैकी काहीच नव्हते. होती ती वीस वर्षांत झिजवलेल्या कानशींची आणि तेलाचे डाग पडलेल्या वह्यांची पुण्याई.